रोजचा एक फोटो

सदाशिव पेठ, पुणे
नागपंचमी

प्रिय शैले,

परवा फोनवर तू विचारलंस, "रोज एक फोटो काढतेस म्हणे, पण रोज काढण्यासारखं घरात असतं तरी काय?" तेवढ्यात कुकर झाला आणि फोन ठेवावा लागला. तसंही ते दोन वाक्यांत सांगून संपलं नसतं, म्हणून आज सवडीनं लिहायला बसले.

नियम साधा आहे. वर्षभर दिवसाला एक फोटो काढायचा आणि तो जपून ठेवायचा. असे 365 फोटो जगभर किती तरी लोक काढतात. मी त्यात माझ्या दोन अटी घातल्या: फोटो घरातल्या माणसांचाच हवा, आणि कुणालाही "इकडे बघा" म्हणायचं नाही.

आपल्या दोघींच्या माहेरचे अल्बम आठव. बारसं, मुंज, लग्न, डोहाळजेवण, फार तर महाबळेश्वरची ट्रिप. रोल 36 फोटोंचा, वर धुण्याचा आणि प्रिंटचा खर्च. कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर त्यातला एक कोण घालवणार? त्यामुळे माझ्या आईचे शालूतले फोटो ढीगभर आहेत, पण डबा भरताना ती पोळीची घडी कशी घालायची, त्याचा एकही नाही. मला आज तोच हवा असतो गं.

मे महिन्यात मुलांना घेऊन केळकर संग्रहालयात गेले होते. आपण शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा भराभर बघून बाहेर पडलो होतो. या वेळी मी अडकित्त्यांच्या कपाटापुढून हलेना. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, खेळणी जमवली; वीस हजारांवर वस्तू, त्याही बऱ्याचशा घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या. लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला आहे. पुढे त्यांनी तो सगळा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. माणूस केवढा मोठा मनाचा! पण बघता बघता मला वाटलं, इतका देखणा अडकित्ता समोर आहे, त्यानं रोज दुपारी सुपारी कोण कातरत असेल, मांडी घालून की भिंतीला टेकून, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. वस्तू उरली, हात गेला. तेव्हापासून मी चेहऱ्यांच्या मागे लागणं सोडलं आणि हात टिपायला लागले.

कालचाच फोटो सांगते. श्रावणात आमच्याकडे अळू ठरलेलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी देठी सोलत होत्या. खाजू नये म्हणून हाताला आधी तेल चोळून घेतात, त्यामुळे बोटं चकाकत होती. नखानं टोक धरून त्या देठीचा पापुद्रा ओढतात, तो दोऱ्यासारखा लांब निघतो आणि ताटलीच्या काठावर वेटोळं होऊन पडतो. बोटांची पेरं काळी पडलेली, बांगड्या मागे सारलेल्या. ट्यूब बंद केली, कारण तिचा आणि बाहेरचा उजेड एकत्र आला की रंग बिघडतात. खिडकी एका बाजूला राहील अशी जवळ गेले आणि नुसते हात घेतले. पावसाळी दिवसाचा उजेड इतका मऊ असतो की सावली कुठे सुरू होते तेही कळत नाही. त्या बोलत राहिल्या, मी फोटो काढत राहिले. त्यांच्या हाताला किती वर्षांची सवय आहे, ते त्या एका पापुद्र्यात दिसतं.

पालखी पुण्यात आली त्या दिवशी सगळ्या शहराच्या हातात मोबाइल होते. मीही पालखीचे फोटो काढले, पण ठेवला तो बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा: सकाळी जमिनीवर बसून वारकऱ्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू पिशव्यांत भरताना, चष्मा नाकावर घसरलेला.

आता खरी गोष्ट. महिना संपला की मी सगळे फोटो छापून आणते आणि हॉलमध्ये सतरंजीवर मांडते. गेल्या महिन्याचे मांडले होते, सगळे भोवती बसलो होतो. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही एकाही फोटोत बसलेली नाही." खरंच, सासूबाई कुठेच बसलेल्या नव्हत्या. ओट्याशी उभ्या, देव्हाऱ्यापाशी उभ्या, गॅलरीत दोरीशी उभ्या. मला एकेका दिवसाच्या फोटोत हे दिसलं नव्हतं, त्यांनाही चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दिसलं नव्हतं. ओळीनं मांडल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा चहा बाबा करतात. आलं जरा जास्तच किसतात. अळूसुद्धा काल सासूबाईंनी स्टुलावर बसून सोललं, ते स्टूल बाबांनीच आणून ठेवलं. मला हे फार मोठं वाटतं, शैले. रोज काढण्याचा हट्ट मी का धरते, ते यावरून तुला कळेल. चांगला दिसेल तेवढाच फोटो काढायचा असता तर हे कधीच हाती आलं नसतं.

तू नक्की सुरू कर. महागडा कॅमेरा नको, मोबाइल पुरे. फक्त लेन्स रोज मऊ कापडानं पूस. फोडणीच्या वाफेचा थर बसला की सगळं धुरकट येतं. मुलं पळत असतील तर दाराजवळ, भरपूर उजेडात गाठ, नाहीतर हलतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापायला देऊ नकोस, तो लहान होऊन आलेला असतो. मूळ फोटोच दे. आणि छाप, एवढं माझं ऐक. मोबाइलमधले फोटो कुणी सतरंजीवर मांडत नाही.

काका अजून सायकल स्वतःच पुसतात ना, त्या जुन्या बनियनच्या फडक्यानं? त्यांच्यापासूनच सुरुवात कर. पहिली प्रिंट मला पोस्टानं पाठव. मागे तारीख लिही, पण पेन दाबू नकोस, पुढे उमटतं. सायकल कोणत्या साली घेतली आणि कितीला, तेही काकांना विचारून लिही.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
मनू