पाठवणी सगळ्यात आधी पुसली जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की लग्नाच्या अल्बमबरोबर त्याची डीव्हीडीही कपाटातून बाहेर येते. टीव्हीखालचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नसते. मग कुणीतरी सुचवतं, कॉम्प्युटरवर घे आणि दोन-तीन सीडींवर उतरवून ठेव, कोऱ्या सीडींचा गठ्ठा घरात पडलाच आहे. सल्ला अर्धाच बरोबर आहे. सीडी नातेवाइकांना द्यायला ठीक, पण जपून ठेवायची प्रत म्हणून ती कुचकामी. शिवाय सीडीत बसवायच्या नादात मूळ डीव्हीडी जशीच्या तशी उचलून ठेवायचं राहून जातं.

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, सीडीत ७०० एमबी. म्हणजे सगळा मजकूर न कापता ठेवायचा तर सात सीडी लागतील. एकाच सीडीत कोंबायचा तर सातातले सहा भाग टाकून द्यावे लागतात, आणि ते कुठून जातात ते पाहण्यासारखं आहे. दीड तासाचं शूटिंग ७०० एमबीत बसवलं, तर आवाज धरून सेकंदाला जेमतेम १०९० किलोबिट वाट्याला येतात. एच.२६४ या व्हिडिओ आकसून लहान करायच्या पद्धतीनं कमी जागेत बरं चित्र मिळतं, त्यामुळे भटजी सावकाश मंत्र म्हणत असतात तोवर फरक जाणवत नाही. पण ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, की पडद्यावरचा कण न् कण दर क्षणी बदलतो. तेवढ्या बिटांत ते मावत नाही आणि नवरा-नवरीच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. वरातीतल्या दिव्यांचंही तेच. ज्या मिनिटासाठी डीव्हीडी जपायची, नेमकं तेच मिनिट बिघडतं.

म्हणून पहिलं काम आयएसओ फाइल काढण्याचं. आयएसओ म्हणजे मेनूसकट अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत. विंडोजवर इम्गबर्न हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. त्यात ‘डिस्कवरून इमेज फाइल बनवा’ हा पर्याय आहे. डिस्क वाचायला बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो हबला (एका यूएसबीचे अनेक करणाऱ्या जोडणीला) लावू नये, थेट कॉम्प्युटरला लावावा. वीज कमी पडली की ड्राइव्ह फिरता फिरता अडखळतो आणि दोष बिचाऱ्या डिस्कच्या माथी येतो. चांगल्या डिस्कला वीसेक मिनिटं लागतात. फाइल पेन ड्राइव्हवर घेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप आला तर पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे असं समजावं. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

खरी कसोटी लागते ती न वाचता येणाऱ्या डिस्कला. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची खालची बाजू चंदेरी असते, लग्नाची बहुधा जांभळट. स्टुडिओनं ती रायटरवर, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हवर, भाजलेली असते आणि मजकूर एका सेंद्रिय रंगाच्या थरात असतो. ऊन आणि उष्णता यांनी हा रंग उतरतो. लिहिणं आतून बाहेर होतं, त्यामुळे डिस्क भरलेली असेल तर कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेशी येतो. बोटं तिथेच लागतात, दोन थर सुटायला लागतात तेही तिथूनच. साखरपुडा स्वच्छ दिसतो आणि पाठवणीला चित्र गोठतं, ते यामुळे. डिस्क तपासताना सुरुवात पाहून ‘चालतेय’ म्हणू नये, शेवटची दहा मिनिटं पाहावीत.

पुसायची असेल तर मऊ सुती कापड घेऊन मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नाही. आडवा ओरखडा प्रत्येक वळणातला थोडाच भाग खातो आणि ड्राइव्ह तो गणितानं भरून काढतो. गोलाकार ओरखडा सलग मजकूर खातो, तिथे गणित हरतं. टूथपेस्टचा घरगुती उपाय पत्करू नये, आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नाही. त्यातल्या ॲसिटोननं प्लास्टिक कायमचं धुरकट होतं.

तरीही ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ (म्हणजे मजकूर नीट वाचता आला नाही) असा निरोप देऊन कॉपी थांबली, तर पुन्हा पुन्हा तेच करत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कमधून मजकूर वाचवणारा प्रोग्रॅम वापरावा. तो विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतो. विंडोज न काढता पेन ड्राइव्हवरूनही लिनक्स चालू करता येतं. सेक्टरचा (डिस्कवरच्या मजकुराच्या एकेका तुकड्याचा) आकार २०४८ बाइट द्यावा आणि मॅप फाइल न चुकता ठेवावी. पहिल्या फेरीत ते सोपा भाग झटपट उचलतं, मग अवघड जागांवर परत येतं. मॅप फाइलमध्ये कुठली जागा राहिली याची नोंद असते. म्हणून तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून तीच फाइल पुढे चालवली, की फक्त राहिलेली भोकं भरली जातात. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हा अनुभव नेहमीचा. जुन्या डेस्कटॉपमधला आतला रायटर या कामात पातळ यूएसबी ड्राइव्हपेक्षा बहुधा सरस ठरतो.

हँडीकॅममधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कची अडचण वेगळी. ती कॉम्प्युटरला कोरी दिसत असेल तर बऱ्याचदा ती ‘फायनलाइझ’ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची, राहिलेली असते. शक्यतो त्याच कॅमेऱ्यात घालून ते करावं, तोवर कॅमेरा भंगारवाल्याला देऊ नये. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नये, आतच अडकते.

आयएसओ सुखरूप झाली की मग वाटायच्या प्रती. टीव्हीच्या यूएसबीसाठी हँडब्रेक हा व्हिडिओचं रूप बदलणारा प्रोग्रॅम वापरून एमपी४ फाइल करावी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे व्हिडिओ_टीएस फोल्डरमधली एकच व्हीओबी फाइल उघडणं. डीव्हीडीत चित्रीकरण एकेक जीबीच्या तुकड्यांत असतं. एक तुकडा उघडला की वीस-पंचवीस मिनिटांचंच लग्न दिसतं आणि बाकीचं गेलं असं वाटतं. पूर्ण फोल्डर द्यावा आणि सर्वांत लांब टायटल (डिस्कवरचा सलग कार्यक्रम) निवडावं. डीइंटरलेस चालू ठेवावं. त्या काळचे कॅमेरे सेकंदाला ५० अर्धी चित्रं घेत. ती नीट जुळवली नाहीत तर हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटतात.

ज्यांच्याकडे अजून जुना प्लेअर आहे त्यांच्यासाठी सीडी करायची तर ती व्हीसीडी, म्हणजे जुन्या प्लेअरना कळणारी व्हिडिओ सीडी, करावी, नुसती एमपी४ घालून उपयोग नाही. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे मूळ डीव्हीडीच्या जेमतेम चौथाई. व्हिडिओ ११५०, आवाज २२४ किलोबिट. आवाज ४८ वरून ४४.१ किलोहर्ट्झवर आणावाच लागतो. ८० मिनिटांच्या सीडीत ८० मिनिटं बसतात, तीन तासांना तीन सीडी. लिहिण्याचा वेग १६ एक्सच्या आसपास ठेवावा आणि लिहून झाल्यावर व्हेरिफाय करावं, म्हणजे नीट उतरलं का ते पडताळावं.

पण व्हीसीडी ही जपायची प्रत का नव्हे, याचं उत्तर तिच्या बांधणीतच आहे. जास्त मजकूर मावावा म्हणून तिच्या सेक्टरमधला चूक सुधारणारा जादा थर काढून टाकलेला असतो. आणि डीव्हीडीचा मजकूर दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये, पोटात असतो; सीडीचा अगदी वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली. सीडीवर बॉलपेननं ‘काकांसाठी’ असं दाबून लिहिलं की काकांना तेवढा भाग दिसत नाही. सीडी मार्करनं लिहावं, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. चिकट गोल लेबल नको. ते एका बाजूनं सुटलं की डिस्क थरथरते.

हे सगळं स्वतःच्या घरच्या चित्रीकरणाबद्दल आहे. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कवर कुलूप असतं आणि ते तोडण्याबद्दल कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५-अ आहे. लग्नाच्या शूटिंगचं मात्र तसं नाही. पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाराच असतो (कलम १७). त्यामुळे प्रत काढायला स्टुडिओची परवानगी मागत बसण्याचं कारण नाही.

अडचण उरते ड्राइव्हची. दर घरानं एका डिस्कसाठी तो विकत घेणं परवडणारं नाही. सार्वजनिक वाचनालयांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी एक जुना डेस्कटॉप, चालू रायटर आणि वर सांगितलेले प्रोग्रॅम असं एक टेबल मांडावं आणि लोकांनी आपापला पेन ड्राइव्ह घेऊन यावं, अशी सूचना आहे. कोकणात हे पावसाळ्याआधी व्हावं. दमट हवेत अल्बमचे प्लास्टिकचे कप्पे डिस्कला चिकटतात आणि सोलून काढताना वरचा थर निघून येतो.

– एक वाचक, चिपळूण