माऊस संगणकाला दिसेनासा झाला, तेव्हा

गिरगाव, मुंबई
२२ जुलै

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सोसायटीचे हिशेब अर्ध्यावर असताना तुझा माऊस एकाएकी बंद पडला, आणि दुकानदाराने यंत्र न बघताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगून टाकले, हे वाचून लगोलग लिहायला बसलो. दोष माऊसमध्ये, केबलमध्ये, पोर्टमध्ये की विंडोजमध्ये, याचा छडा लागल्याशिवाय फॉरमॅटचे नाव काढू नकोस. छडा लावायला दमडीही लागत नाही.

माऊसखालचा लाल दिवा लागतो, त्याअर्थी माऊस शाबूत आहे, असे तू म्हणतोस. ते मला पटत नाही. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्टचा पुरवठा येतो, काळी परतीची, आणि पांढरी व हिरवी या दोघींवरून माऊस व संगणक यांची देवाणघेवाण चालते. दिव्याला पहिल्या दोन पुरतात. म्हणून बाकीच्यांपैकी एखादी आतल्या आत तुटली, तरी दिवा लागू शकतो आणि बाण मात्र जागचा हलत नाही. साधा माऊस जोडला की त्याच्यातला एक रोधक (रेझिस्टर) पांढऱ्या तारेवरचा विद्युतदाब वर ओढतो, त्यावरून संगणकाला कोणीतरी आल्याचे कळते, आणि मग तो त्याची ओळख विचारतो. त्यामुळे माऊस लावल्यावर संगणक मुळीच आवाज करत नसेल, तर पांढऱ्या तारेवर किंवा पोर्टवर संशय घ्यावा. आवाज होऊन ‘उपकरण ओळखता आले नाही’ अशा अर्थाचा संदेश येत असेल आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) ‘कोड ४३’ दिसत असेल, तर बोलणे सुरू होऊन मध्येच तुटते आहे. केबल माऊसमध्ये शिरते तिथेच ती बहुधा मोडते. तेवढा भाग चिमटीत धरून हलके वाकवून पाहा. वाकवताना जोडल्या-तुटल्याचा आवाज येऊ लागला, तर दुसरा पुरावा नको.

त्यानंतर माऊस हबमधून, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून, काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये लाव, आणि मुलीचा वायरलेस माऊस तुझ्या जुन्या पोर्टमध्ये लावून पाहा. तो चालला, तर पोर्ट आणि विंडोज दोन्ही निर्दोष सुटतात. मात्र शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह ठेवू नकोस, कारण यूएसबी ३.० च्या वेगवान देवाणघेवाणीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरतो आणि नेमका त्याच पट्ट्यात वायरलेस माऊसचा डोंगल, म्हणजे पोर्टमध्ये खोचायचा त्याचा छोटा रिसीव्हर, बोलत असतो. तुझे घर वर्सोव्याला, समुद्राच्या अगदी अंगावर. पोर्टच्या पात्यांवर हिरवट थर दिसला, तर यंत्र बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे आणि पुरते वाळू दे.

दोन्ही माऊस मुके राहिले, तरच विंडोजकडे वळावे. विंडोजचे बटण व एक्स एकत्र दाबून मग एम दाबलेस की डिव्हाइस मॅनेजर उघडेल. बाणांच्या कळांनी माऊसच्या नोंदीवर जा, शिफ्ट व एफ१० ने मेनू उघड, ‘अनइन्स्टॉल’ निवड आणि यंत्र रीस्टार्ट कर. कीबोर्डच्या नोंदीला हात लावू नकोस, नाहीतर तेवढा वेळ हातपायच गळतील. इथे ‘शट डाउन’ करून भागत नाही: विंडोज ८ पासून जलद सुरुवातीसाठी यंत्रणेचा गाभा बंद करताना डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो, ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) बिघाडासकट, रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने उभे राहते. काही वेळ काम न केल्यावरच माऊस मरत असेल, तर ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाक.

हिशेब अडकू नयेत म्हणून डावीकडील आल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाब. विचारणा आली की एंटर दाबून होकार दे, मग उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलवता येतो. कंटाळवाणे आहे, पण निभते.

माऊसच दोषी ठरला, तर दुरुस्तीत पडू नकोस, साध्या माऊसला ती परवडत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घ्यायचा असेल तर कळव. मी इथून चालत जाऊन, काउंटरवरच लावून, तपासून घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
अनंत