एका शब्दासाठी अडून बसलेल्या हंसा मेहता

माननीय संपादक,
स. न.

दर १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाची भाषणे होतात आणि त्यांत एलेनॉर रूझवेल्ट यांचे नाव हमखास येते. ते यायलाच हवे, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगाच्या त्या अध्यक्ष होत्या. पण त्याच आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहता यांचे नाव मी शिक्षिका म्हणून ऐकलेल्या एकाही भाषणात आले नाही. ही खंत बरीच वर्षे मनात आहे.

पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. 'मेन'मध्ये बायका आल्याच, असे खुद्द रूझवेल्टबाईंनाही वाटत होते. हंसाबेनना ते पटेना. उद्या कुणी या शब्दावर बोट ठेवून बायकांना बाहेर काढले तर? त्यांनी आग्रह धरला आणि अखेर 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झाले. 'माणूस' म्हणताना स्त्री-पुरुष दोघेही धरले असे आपण सांगतो, पण 'बाईमाणूस' हा वेगळा शब्द आपल्या तोंडी असतोच. मराठी वाचकाला हा वाद चटकन उमगावा.

एका शब्दाचा एवढा कीस कशाला, असे कुणी विचारील. जर्मनीत १९३५ साली ज्यूंचे नागरिकत्व गेले ते कायद्यातल्या शब्दांनीच. पुढे लाखोंच्या कत्तली झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला उभा राहिला, पण १९३९ पूर्वीच्या छळाबद्दल तिथे शिक्षा होऊ शकली नाही, कारण गुन्ह्याचा संबंध युद्धाशी जोडावा लागे. सरकारने आपल्याच प्रजेला कसे वागवावे हा त्याचा घरचा मामला, असेच तोवर जग मानत आले होते. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ देशांनी जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. त्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो तिथे. कायद्याचे बंधन त्यात नव्हते, हे खरे.

हंसाबेन आपल्याला परक्या नाहीत. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या, घटना समितीच्या सदस्यही होत्या.

येत्या १० डिसेंबरला पहिल्या कलमाचे मराठी भाषांतर आणि शेजारी हंसाबेनांचे छायाचित्र आपण छापावे, ही विनंती. ते कात्रण मी आमच्या शाळेच्या फलकावर स्वतः नेऊन लावीन.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा