पॅरिस रद्द करायचं नाही

ऐरोली, रविवार रात्र

प्रिय आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "तिकिटं रद्द करून टाक, तिकडे संप आहे." मागून कुकरची शिट्टी, आणि आईचं, "मी आधीच म्हटलं होतं, केरळला जाऊ." त्या गोंधळात माझं एक वाक्य धड पुरं झालं नाही. म्हणून व्हिसाच्या फायलीतच हे पत्र घालून पाठवतेय.

बाबा, संप म्हटलं की तुम्हाला १९७४ चा मे आठवतो. अण्णा कारशेडला, पगार बंद, वीस दिवस रेल्वे ठप्प. पॅरिसचा संप सहसा तसा नसतो. नोटीस आधी द्यावी लागते. शिवाय २००७ च्या कायद्याने, ज्यांच्यावाचून गाड्या चालणार नाहीत त्या कर्मचाऱ्यांनी संपावर जाणार हे ४८ तास आधी कळवायचं, आणि कुठल्या गाड्या धावणार ते प्रवाशांना २४ तास आधी सांगायचं. म्हणजे आपल्या रविवारच्या मेगाब्लॉकसारखंच, आदल्या दिवशी बघून ठरवायचं. ठाण्याचा फलाट रुंद करताना ६३ तासांचा ब्लॉक होता तेव्हा तुम्हीच सगळ्या सोसायटीला रस्ते सांगत होतात!

आणि मुख्य गोष्ट. तिथल्या मेट्रोच्या १, ४ आणि १४ या लाइनवर मोटरमनच नाही. त्यामुळे संपाच्या दिवशीही त्या बहुतेक चालू असतात. गर्दी मात्र मरणाची, कारण सगळं शहर त्यांच्यावरच येतं. पस्तीस वर्षं ठाण्याहून फास्ट पकडलेल्या माणसाला मी गर्दीचं काय सांगू.

म्हणून हॉटेल बदललंय. तुम्ही शोधलेलं स्वस्त होतं, पण शहराबाहेर. आता शातले मेट्रो स्टेशनजवळ घेतलंय, तिथे या तिन्ही लाइन येतात. खोली एवढीशी आहे, बॅग पलंगावरच उघडावी लागेल. पैसे मी भरलेत, त्यावरून फोन करू नका. लूव्र म्युझियम, नोत्र दाम चर्च दोन्ही तिथून पायी, आईच्या चालीने फार तर अर्धा तास. लूव्र मंगळवारी बंद असतं. शातले स्टेशन म्हणजे भुलभुलैया आहे आणि जुन्या स्टेशनांत जिनेच जिने, पण १४ नंबरला सगळीकडे लिफ्ट आहे. आई, गुडघा दुखला तर ती लाइन तुझी.

व्हर्सायचा दिवस मी खोडलाय. तिकडची आरईआर, म्हणजे त्यांची लोकल, बंद पडली तर परत यायचे वांधे. आयफेलचं सांगता येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथले कर्मचारीच संपावर होते आणि टॉवर काही दिवस बंद होता. तसं झालं तर नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकातून बघा, फुकट दिसतो. आईला तसंही वर चढायचं नाहीये.

विमानतळावरून सरळ टॅक्सी. शहरात यायचं भाडं ठरलेलं असतं, मीटरकडे बघत बसू नका. रांगेतलीच घ्या. कोणी जवळ येऊन विचारलं तर ठाणे स्टेशनबाहेर करता तसं ऐकलंच नाही असं करा.

परतीचं विमान रद्द झालं तर घाबरून नवं तिकीट काढायचं नाही. युरोपातून निघणाऱ्या विमानाला तिथला कायदा लागतो. पैसे परत की दुसरं विमान, हे तुम्ही निवडायचं. दुसरं निवडलंत तर तोवरचं जेवण आणि हॉटेल कंपनीकडे, मग संप कोणाचाही असो. काउंटरवर 'दोनशे एकसष्ट' एवढंच म्हणा, नियमाचा नंबर आहे. विमा मी संपाची बातमी यायच्या आधीच काढला होता. नंतर काढला असता तर हा संप त्यात धरला नसता.

बाबा, हॉटेलपासून जवळच ओतेल द व्हीलचा, म्हणजे तिथल्या महापालिकेचा, चौक आहे. त्याचं जुनं नाव प्लास द ग्रेव्ह. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची रेताड जागा. काम शोधणारे मजूर तिथे जमायचे, म्हणजे आपला मजूर नाकाच. त्यावरूनच फ्रेंचमध्ये संपाला ग्रेव्ह म्हणतात. तिथे उभं राहून एक फोटो काढा. अण्णा असते तर तिथून हललेच नसते.

तुमची,
सोनू

ता. क. आई, मेतकूट आणि चकल्या ने. तूप आणि पेढे नकोत. दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील.