पाइप 'अचानक' फुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात पाचव्या पानावर तळाला चार ओळींची बातमी होती. एका संशोधन संस्थेत शीतकरणाची पाइपलाइन 'अचानक फुटली', तळघरात घोटाभर पाणी साचलं आणि महागडी यंत्रं आठवडाभर बंद ठेवावी लागली. ती संस्था माझी नव्हे आणि तिथल्या कुणाला मी ओळखतही नाही. पण त्या 'अचानक' शब्दावर मी अडलो. म्हणून हे पत्र.

औंधच्या आयटीआयमधून फिटरचा ट्रेड करून मी 1986 साली अशाच एका संस्थेच्या ए.सी. प्लांटमध्ये ऑपरेटर म्हणून लागलो आणि 2017 साली निवृत्त झालो. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि मायक्रोस्कोप दिसतो. आमच्या वाट्याला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), पंप आणि छताखालून गेलेल्या काळ्या अस्तराच्या लाइनी. लेसर असो की मोठा विद्युतचुंबक, तो जी वीज खातो तिची शेवटी उष्णताच होते, आणि ती उचलून न्यायला थंड पाणी लागतं. पाणी थांबलं की भल्याभल्या शास्त्रज्ञांना सुट्टी.

हे पाणी बंद चक्रात फिरतं. चिलरमधून 7 अंशांना निघायचं, यंत्रांची उष्णता घेऊन 12 अंशांना परत यायचं, पुन्हा निघायचं. आमच्या चक्रात साधारण 18,000 लिटर पाणी होतं. (कूलिंग टॉवरचं वेगळं, तिथे पाणी उडून जाण्यासाठीच असतं.) बंद चक्रातलं पाणी कमी व्हायचं कारणच नाही. झालंच, तर गच्चीवरच्या एक्स्पान्शन टाकीचा फ्लोट खाली येतो आणि नवं पाणी आपोआप आत येतं. याला आम्ही मेकअप म्हणतो. प्लांटलाही मेकअप लागतो हे ऐकून आमच्या घरी अजून हसतात. पण सगळी गोम त्या 'आपोआप'मध्ये आहे. लाइन गळत असली तरी प्रेशर गेज ढिम्म हलत नाही, कारण टाकी गुपचूप भरपाई करत असते. गळतीचा पत्ता लागतो तो एकाच ठिकाणी, मेकअपच्या लाइनीवरच्या पाण्याच्या मीटरवर.

2003 च्या जुलैतली गोष्ट. रात्रपाळीच्या शेवटी मीटर वाचला तर 40 लिटर गेलेले. दुसऱ्या पाळीत 38, तिसरीत 41. लॉगबुकात लिहिलं आणि साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पावसाळा आहे, पाइपांना घाम सुटतो. पावसाळ्यात थंड पाइपला घाम सुटतो हे खरंच, छताला चार ठिकाणी ओले डाग होतेच. पण घाम हवेतून येतो, तो मीटर फिरवत नाही. हे मी मनात म्हटलं, तोंडावर म्हणायला मला दोन दिवस लागले.

आधी पंपांच्या ग्लँडखाली, म्हणजे पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो त्या सांध्याखाली, मोजपात्रं लावली. ग्लँडला थोडं ठिबकावंच लागतं, नाहीतर पॅकिंग जळतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार-साडेचार लिटर, हा हिशेब प्रत्येक ऑपरेटरला पाठ असतो. आमचे तिन्ही पंप मिळून दहा लिटरसुद्धा होईनात. मग रविवारी पंप थांबवून एकेक मजल्याचे वॉल्व्ह बंद केले आणि गेजकडे बघत बसलो. इथे मी फसलो. पंप थांबला की लाइनीतलं पाणी हळूहळू तापतं, फुगतं आणि बंद भागात दाब वाढवतं. गळतीने घटलेला दाब त्यात झाकला जातो. शिवाय जुने बटरफ्लाय वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाहीत, शेजारच्या भागातलं पाणी आत येत राहतं. सहा तास बसून निष्कर्ष काढला की सगळे मजले ठणठणीत आहेत. सोमवारी सकाळी मीटर 120 लिटरने पुढे!

सुटका केली ती टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणाऱ्या मीटरने. घरचा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला येणारा मुलगा खिशात बाळगतो, तोच. बंद चक्रातल्या पाण्यात आम्ही गंजरोधक रसायन टाकतो, त्यामुळे त्याचा आकडा हजाराच्या वर असायचा. पाइपचा घाम म्हणजे जवळजवळ डिस्टिल्ड पाणी, त्याचा आकडा वीस-तीस. मग छताच्या प्रत्येक डागाखाली स्टीलची वाटी लावली आणि रात्रभर ठिबकलेलं पाणी तपासलं. तीन वाट्यांत 25, 30, 28. चौथीत 640. म्हणजे घामात आमचं पाणी मिसळलेलं.

चौथी वाटी दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात होती, पण भोक तिथे नव्हतं. अस्तराखाली शिरलेलं पाणी पाइपच्या अंगावरून उताराने चालत जातं आणि अस्तराचा सांधा जिथे ढिला असेल तिथे बाहेर पडतं. टाकीत फ्लुरोसिन रंग सोडला, दिवे मालवले आणि जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याने वरच्या अंगाने शोधत गेलो. वाटीपासून वीस-बावीस फुटांवर, पाइप ज्यावर टेकतो त्या एका लाकडी सॅडलपाशी, अस्तराच्या फटीत पोपटी रेघ चमकली. तिथलं अस्तर सोललं तर पाइप ओल्या चहाच्या पुडीसारखा झालेला. सॅडलने वरचा पत्रा कापला होता, त्या फटीतून वर्षानुवर्षं दमट हवा आत जाऊन पाइपला घाम सुटत होता, आणि गंज आतून नव्हे, बाहेरून चढला होता. किती खोल गेलाय ते बघावं म्हणून मी शहाणपणाने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. ते आरपार गेलं. पुढची वीस मिनिटं मी शिडीवर, अंगठा भोकात, आणि खाली हेल्पर 'वॉल्व्ह कुठला, वॉल्व्ह कुठला' करत धावतोय. मी भोकातून अंगठा काढला असता तर तुमच्या पानावर तेव्हाच चार ओळी आल्या असत्या, आणि त्यातही 'अचानक' आलंच असतं.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. रबर आणि क्लॅम्प हा तात्पुरता उपाय. ओल्या पाइपवर एम-सील धरत नाही, कितीही थापा. यंत्रं बंद ठेवायला परवानगी मिळेना म्हणून अकरा दिवस तो क्लॅम्प सांभाळला, मग भाग रिकामा करून साडेतीन फूट पाइप कापला, नवा तुकडा वेल्ड केला, चालू दाबाच्या दीडपट दाबावर चार तास धरून बघितला, हवा काढली. इथेच बहुतेक जण हात पुसून निघतात. पण नवं पाणी भरलं म्हणजे नवा ऑक्सिजन आत गेला आणि रसायन पातळ झालं. डोस पुन्हा मोजून टाकला नाही, तर पुढचं भोक त्याच दिवसापासून तयार व्हायला लागतं. रोज मेकअप घेणारी लाइन स्वतःलाच खात असते, ती अशी.

हे सगळं झाल्यावर आमच्याकडच्या एका शास्त्रज्ञ मॅडमनी चहाच्या टेबलावर मला अमेरिकेतल्या ब्रूकहेवनची हकिगत सांगितली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरची ही मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा. तिथल्या संशोधन अणुभट्टीचं वापरलेलं इंधन ज्या हौदात पाण्याखाली ठेवत, तो हौद गळत होता. किती? दिवसाला 6 ते 9 गॅलन, म्हणजे आपल्या दोन बादल्यासुद्धा नाहीत. हौद अडीच लाख लिटरचा. पातळी थोडी उतरायची, ती बाष्पीभवनाच्या खात्यावर पडायची. चाचण्याही घेतल्या, त्यातून गळती नाही असंच निघालं. शेजारी भूजल तपासायला विहिरी खणायच्या ठरल्या होत्या, ते काम मागे मागे पडत गेलं. शेवटी जानेवारी 1997 मध्ये अणुभट्टीच्या खालच्या अंगाच्या भूजलात पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) सापडलं. गळती बारा-एक वर्षं चालू असावी असा अंदाज निघाला. आसपासच्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याला धोका पोचला नाही, पण लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. 1947 पासून प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचा करार त्याच वर्षी मे महिन्यात रद्द झाला आणि 1999 मध्ये ती अणुभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. आमचा 'घाम' आणि त्यांचं 'बाष्पीभवन', मला तर फरक दिसला नाही.

बाष्पीभवन आणि गळती वेगळी करायची एक गावठी रीत आहे, पोहण्याचे तलाव सांभाळणारे वापरतात. बादलीत तलावाचंच पाणी भरायचं, ती तलावाच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवायची म्हणजे तापमान सारखं राहतं, आणि आतल्या-बाहेरच्या पातळीवर खूण करायची. चोवीस तासांनी दोन्ही सारख्या उतरल्या तर पाणी उडालं. बाहेरची जास्त उतरली तर तेवढं गळलं. सोसायटीच्या उघड्या हौदालाही चालते.

ब्रूकहेवनच्या उलट कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या एनआरयू अणुभट्टीचं. मे 2009 मध्ये तिच्या पात्रातून ताशी साधारण 5 किलो जड पाणी (जड हायड्रोजनचं, काही अणुभट्ट्यांत वापरतात ते) जातंय हे लगेच लक्षात आलं, कारण जड पाणी महाग, त्याचा किलोकिलोचा हिशेब असतो. तिथेही पात्राच्या तळाशी गंज बाहेरून चढला होता. वरच्या अरुंद तोंडांतून लांब दांड्यांची हत्यारं घालून, कॅमेऱ्यात बघत वेल्डिंग करावं लागलं आणि भट्टी ऑगस्ट 2010 मध्ये पुन्हा सुरू झाली. पंधरा महिने! जगभरातल्या रुग्णालयांना तपासणीसाठी लागणाऱ्या मोलिब्डेनम-99 या किरणोत्सारी पदार्थाचा मोठा वाटा तिथून यायचा, त्याची सगळीकडे ओढाताण झाली. पण गळती नक्की किती आणि कधीपासून, यावर कुणाला वाद घालावा लागला नाही.

आपल्याकडे साधं पाणी स्वस्त, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मी निवृत्त झाल्यावर आमच्या पाळीच्या जागा भरल्या नाहीत, काम कंत्राटावर गेलं. दोन वर्षांपूर्वी जुन्या मित्रांना भेटायला म्हणून प्लांटवर गेलो होतो. सवयीने लॉगबुक उघडलं. मेकअपच्या रकान्यात सलग तीन महिने एकच आकडा. मीटरची काच आतून धुरकट, काटा अडकलेला. तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, 'काका, आधीचे लिहीत होते तेच लिहितो. वेगळं लिहिलं की वर विचारतात.' त्याचा राग आला नाही. तो बारा तासांची पाळी करतो, चार इमारती सांभाळतो, आणि मीटर बदला म्हणून सांगण्याइतकी त्याची तिथे पत नाही. 2003 मध्ये मी 40 लिटर लिहिलं तेव्हा साहेब हसले, पण मला कुणी कामावरून काढणार नव्हतं. एवढाच काय तो आमच्यात फरक.

आपले बातमीदार त्या संस्थेत पुन्हा जाणारच असतील, तर पाइप किती जुना होता आणि नुकसान किती झालं हे जरूर विचारा. पण त्याआधी मेकअपच्या मीटरचं मागच्या सहा महिन्यांचं लॉगबुक मागा, आणि तो मीटर फिरतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, पाषाण, पुणे