ठसठस, झगमग आणि हातांची भाषा

प्रिय वैशू,

जाऊबाईंच्या छोटीला नीट ऐकू येत नाही हे कळल्यापासून तुमच्या घरी सल्ला द्यायला रोज कुणी ना कुणी येत असेल, याची मला कल्पना आहे. पण तुझ्या पत्रातलं मामेसासऱ्यांचं वाक्य काही केल्या मनातून जात नाही. ‘खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रं, ती काय भाषा झाली?’ आणि तेवढ्यावरून तुझ्या जाऊबाईंनी खुणांच्या भाषेच्या वर्गाला जायचा विचार सोडला, हे वाचून फार वाईट वाटलं. तू मत विचारलंस म्हणून सविस्तर लिहिते. हवं तर त्यांनाही वाचून दाखव.

चित्र काढणं हा भाषेचा दोष मानला, तर तो आधी आपल्या मराठीला लागेल. दवाखान्यात आपण काय सांगतो ते आठव. दात ठणकतो, गळू ठसठसतं, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, पोटात डचमळतं, पायाला झिणझिण्या येतात. यातल्या एकाही दुखण्याला आवाज नाही. तरी ‘ठसठस’ म्हटलं की थांबून थांबून येणारी कळ लगेच कळते, तिथे ‘चुरचुर’ म्हणून चालत नाही. उजेडाचंही तसंच. दिवा मिणमिणतो, चांदणी लुकलुकते, तलवार लखलखते, मांडव झगमगतो. उजेड कधी कुणाला ऐकू आलाय? आणि हे तीन शब्द मोठ्याने म्हणून बघ: कचकन चावला, खचकन सुरा खुपसला, गाडी गचकन थांबली. पहिल्या अक्षराचाच काय तो फरक, पण चावा तुटक वाटतो, सुरा आत शिरतो आणि गाडीचं सगळं वजन अंगावर येतं. मला तर वाटतं, मराठीची खरी श्रीमंती इथे आहे. व्याकरणाच्या पुस्तकात मात्र या शब्दांची चार ओळींत बोळवण होते आणि पुढे ते बालगीतांपुरते उरतात. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिलं, की असे जोडीचे शब्द आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांतल्या भाषांत भरपूर आहेत आणि शेजारी राहून भारतीय भाषा एकमेकींसारख्या झाल्या याची ती एक खूण आहे.

शब्द अर्थाचं चित्र काढतो की नाही, हा वाद तसा जुनाच आहे. यास्क या प्राचीन पंडिताने निरुक्त या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात ‘काक’ हे नाव कावळ्याच्या आवाजावरून आल्याचं म्हटलंय, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ होतं हेही सांगितलंय, आणि लगेच औपमन्यव या दुसऱ्या पंडिताचं मत दिलंय की आवाजाचं अनुकरण वगैरे काही नसतंच! पुढे १९१६ साली सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं आणि शब्द व अर्थ यांचं नातं निव्वळ संकेताचं, म्हणजे लोकांनी मानून घेतलेलं असतं, हे पुढच्या पिढ्यांनी जवळजवळ सूत्रासारखं पाठ केलं. त्यात तथ्य आहेच. ‘झाड’ या शब्दात झाडासारखं काही नाही. पण ते सगळ्या शब्दांना लागू पडत नाही. एक गोलसर आणि एक टोकेरी आकृती दाखवून ‘बूबा’ कोण आणि ‘किकी’ कोण असं विचारतात, तो प्रयोग तुला माहीत असेल. २०२२ साली त्याचे निकाल आले तेव्हा त्यात २५ भाषांचे ९१७ लोक होते. सुमारे ७२ टक्के वेळा गोल आकृतीला बूबा आणि टोकेरीला किकी हेच उत्तर आलं. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आलं असतं.

आता खुणांकडे येते. त्या चित्रासारख्या असतात हे मामेसासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. झाडाचंच घे. अमेरिकी सांकेतिक भाषेत, म्हणजे तिथल्या कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेत, एक हात कोपरापासून उभा धरून पसरलेला पंजा हलवतात, म्हणजे खोड आणि वर फांद्या. डॅनिश खुणेत दोन्ही हातांनी आधी झाडाचा घेर आणि मग खोड रेखाटतात. चिनी खुणेत दोन्ही हात खोडाला धरल्यासारखे खालून वर जातात. तिन्ही झाडाचीच चित्रं. पण झाडाचं काय दाखवायचं आणि काय सोडायचं, हे ज्या त्या समाजाने ठरवलं. ते शिकल्याशिवाय येत नाही. क्लिमा आणि बेलुगी या भाषा-संशोधकांनी १९७९ च्या पुस्तकात एक प्रयोग दिलाय. ऐकू येणाऱ्या, खुणा न येणाऱ्या लोकांना अमेरिकी भाषेतल्या ९० खुणा दाखवल्या, तर त्यांतल्या ८१ कुणालाच ओळखता आल्या नाहीत. नुसती चित्रं असती तर असं झालं असतं का?

आपल्याकडच्या भारतीय सांकेतिक भाषेत बाईची खूण नाकातल्या चमकीच्या जागी बोट टेकवून करतात आणि पुरुषाची मिशीवरून. समोरच्या बाईच्या नाकात काही नसलं तरी खूण तीच. वापरून वापरून चित्र पुसटही होतं. अमेरिकी भाषेत ‘घर’ ही खूण एके काळी खाणं आणि झोपणं या दोन खुणा जोडून झालेली, हात आधी तोंडाशी आणि मग गालाशी. आता बोटं जुळवून गालावर दोनदा टेकवली की झालं. खाणं-झोपणं कुणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्या शब्दांचंही हेच होतं ना! शिवाय खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘देणे’ची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते, म्हणजे कर्ता आणि ज्याला द्यायचं तो, दोघंही त्या एका हालचालीत येतात. स्टोकी या प्राध्यापकाने १९६० सालीच दाखवलं होतं की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा ठरावीक घटकांची बनलेली असते, शब्द वर्णांचा बनतो तशी.

तरीही ‘चित्रं’ म्हणून हिणवणं थांबलं नाही. १८८० मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळेत बोलण्याचीच पद्धत चालवायची असं मतदान झालं. मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. त्या ठरावापायी कितीतरी मुलांना वर्गात हातांनी बोलायची बंदी झाली. म्हणून मला मामेसासऱ्यांचं ते वाक्य इतकं लागलं. छोटीच्या वाट्याला हे आज पुन्हा यायला नको.

श्रवणयंत्र, वाचाउपचार, जे चाललंय ते चालू राहू दे. खुणा त्याच्या आड येत नाहीत. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, त्यांच्या शब्दकोशात आता दहा हजार शब्द आहेत आणि चित्रफिती इंटरनेटवर फुकट बघता येतात. वर्ग सुरू होईपर्यंत जाऊबाईंनी छोटीला घेऊन तिथूनच सुरुवात करावी. आधी तिला लागतील ते शब्द: पाणी, भूक, आई, दुखतंय, अजून. आणि हे एकट्या जाऊबाईंवर टाकू नका. तू शीक, तुझी मुलं शिकू देत, घरात सगळ्यांचे हात बोलू देत. आपसात बोलणारी माणसं दिसल्याशिवाय तिला भाषा कुठून मिळणार?

वर्गाची पुढची तुकडी कधी आहे ते विचारून कळव. मीही इकडे शिकायला घेतेय, मे महिन्यात येईन तेव्हा मला छोटीशी बोलायचंय. मामेसासऱ्यांना माझा नमस्कार सांग, आणि जाऊबाईंना सांग, मला केव्हाही फोन करा.

तुझी,
मीना