मनू, गोळी बंद करू नकोस

प्रिय मनू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, प्रार्थनेला बसते आणि तोंडातून शब्दच फुटत नाही." मग फोन ठेवता ठेवता म्हणालीस की नैराश्याच्या गोळ्या बंद केल्या, कारण प्रार्थना गटात कुणीतरी सांगितलं, विश्वास असेल तर गोळी कशाला. मी पहिल्या गोष्टीबद्दल लिहायला बसले आहे. दुसरीबद्दल एकदाच बोलेन आणि गप्प बसेन.

शब्द फुटत नाहीत याची लाज धरू नकोस. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तुझे शब्द संपले तरी प्रार्थना थांबलेली नसते.

पण शब्द हवेच असतील तर उसने घे. पवित्र शास्त्र मधूनच उघडून समोर येईल ते वचन वाचू नकोस. त्या अवस्थेत न्यायाचं एखादं वचन समोर आलं की माणूस ते स्वतःवरच ओढून घेतो. स्तोत्र 13 काढ. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. वही घेऊन त्याच क्रमाने स्वतःचं लिही. तक्रार अगदी खरी लिही. 'बरं वाटत नाही' असं गुळमुळीत नको. 'पहाटे चारला जाग येते आणि दिवस उजाडूच नये असं वाटतं', असं लिही. मागणं फक्त आजच्या दिवसापुरतं. आणि भरवशाच्या दोन ओळी येत नसतील तर तेवढी जागा कोरी सोड, तारीख घाल, वही मिट. लोक चुकतात ते इथेच. तक्रार गिळून एकदम स्तुतीला लागतात, ती स्तुती आतून पोकळ वाटते, आणि मग वाटतं आपला विश्वासच गेला. अगं, स्तोत्र 88 बघ. अठरा वचनं आणि शेवट अंधारात. सांत्वनाची एक ओळ शेवटी जोडलेली नाही, तरी ते 150 स्तोत्रांमध्ये आहे. फार जड रात्री तेच मोठ्याने वाच.

तू गोळी अचानक बंद केलीस का, की डॉक्टरांना विचारून? मला माहीत आहे मी एकदाच बोलेन म्हटलं होतं. पण ती एकदम थांबवली की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, कुणाकुणाला डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. मग वाटतं, बघा, मी आणखी खचले. ते खचणं नसतं, गोळी तुटल्याचा परिणाम असतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू मात्रा कमी करतात. आणि तुझे तीनच आठवडे झाले होते. या औषधाचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवायला सांगतात.

त्या गटातल्या बाईंशी भांडू नकोस, त्यांच्या मनात प्रेमच असेल. पण त्यांना यशयाचा 38वा अध्याय दाखव. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. तो रडला, त्याने प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी 15 वर्षं दिली. आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांचा लेप गळवावर लावा. वचन मिळालं आणि लेपही लागला. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

एलीया संदेष्टाही आठव. तो झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा त्याला खायला दिलं. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न होरेब डोंगरावर, 40 दिवसांनंतर. तेव्हा आधी झोप, जेवण, पाणी. उपास करून प्रार्थना करायचं हे दिवस नव्हेत, बाळा.

भाषण झालं, माफ कर. तुझ्या पप्पांनी वाचलं असतं तर अर्धं खोडलं असतं.

संडे स्कूलमध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं ही गोष्ट झाली, तेव्हा हात वर करून तू विचारलं होतंस, "मग छप्पर नंतर कुणी नीट केलं?" सगळे हसले, तू नाही हसलीस. किती अभिमान वाटला होता! आता त्या गोष्टीतली दुसरी एक ओळ बघ. 'त्यांचा विश्वास पाहून' येशू बोलला. त्यांचा, म्हणजे चौघांचाही. खाटेवरच्या माणसाने तोंडही उघडलेलं नाही. सध्या तू खाटेवर आहेस. दादा, मी, पप्पा, चौथं माणूस तू शोध. रविवारी उपासनेत गाता येत नसेल तर नुसती बस, बाकीचे गातील.

आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे ते दोघे शिष्य. "आम्ही आशा धरली होती," म्हणतात. होती. येशूची कबर रिकामी झाल्याचा तोच दिवस, येशू स्वतः शेजारून चालतोय, आणि हे खिन्न. त्याने आधी विचारलं, काय बोलत चालला आहात, आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. आपली आशा तुझ्या मनाच्या अवस्थेवर टांगलेली नाही, मनू, ती त्या रिकाम्या कबरेवर आहे. तुला ती जाणवली नाही म्हणून ती कबर पुन्हा भरत नाही.

आता एक सरळ विचारते. मरून जावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून विचारते. वाटत असेल तर रविवारची, पाळकांची, माझ्या पत्राची वाट पाहू नकोस. त्याच क्षणी दादाला उठव, डॉक्टरांकडे जा, एकटी राहू नकोस. रात्री किती वाजले आहेत हे बघू नकोस.

उद्या डॉक्टरांना फोन करून विचार, मधले दिवस चुकले आहेत तर आता कशी सुरू करू. स्वतःच्या मनाने दोन एकदम घेऊ नकोस. मग रोज घेतलीस की मला फक्त 'घेतली' एवढं पाठव. मी उलट काही विचारणार नाही.

तुझी,
आई